मांत्रिक अजून आत आहे

गुरुवार, २५ ऑक्टोबर

चष्म्याच्या दुकानातून घरी आले तर जिन्यात माझ्या धाकट्या भावाची मैत्रीण उभी. औषधांच्या दुकानात काम करते. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण धाकट्याच्या तोंडी ती कायम 'सूत्रधार', म्हणून माझ्याही. दर रविवारी दुपारी चौघांची बैठक तिच्याकडे भरायची. कागद, पेन्सिली, नाना आकारांचे फासे, आणि बोलून खेळायचा एक खेळ. समोर काय दिसतंय ते सूत्रधार सांगते, बाकीचे आपापल्या पात्रानं काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. मी त्याला म्हणायचे, घोडा झालास तरी भातुकली सुटली नाही तुझी. तो म्हणायचा, तू एकदा ये तर खरी.

गेले नाही कधी.

फाशांची पिशवी आणि तिच्याकडे खुर्चीवर राहिलेला त्याचा राखाडी स्वेटर द्यायला आली होती. चहा नको म्हणाली. निघताना पायरीवर थांबली.

"ताई, तेव्हापासून आम्ही खेळलो नाही. पण तो आत आहे."

"कोण?"

"त्याचा मांत्रिक."

मग तिनं सांगितलं ते असं. शेवटच्या रविवारी तिघांची पात्रं एका बोगद्यात होती. छत कोसळायला लागलं. मांत्रिकानं भिंतीला हात टेकून मंत्र म्हटला आणि छत वरच्या वर धरून ठेवलं, बाकीच्यांना बाहेर पडता यावं म्हणून. तेवढ्यात उशीर झाला, पुढचं पुढच्या रविवारी म्हणून सगळे उठले. आणि त्या आठवड्यात वळणावर धाकट्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

"म्हणजे तो अजून छत धरून उभा आहे?"

"हो," ती म्हणाली. "आम्हाला ना तिथून पुढे जाता येत, ना सोडून देता येत. त्याचं पात्र आमच्यापैकी कोणी खेळायला धजत नाही. आणि ते येतही नाही कोणाला. मांत्रिक फार अवघड असतो."

मी खेळते, असं मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे. शेचाळीस वर्षांची बाई, चष्म्याच्या काचा घासण्यात हयात गेलेली. तिनं माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

रविवार, २८ ऑक्टोबर

आज नुसती शिकवणी. आईजवळ शेजारीण बसली होती. कमरेचं हाड जुळत आलंय तरी आईला अजून पलंगावरून उठू देत नाहीत.

सूत्रधाराकडे दोघं होते. एक ढाल, लिफ्ट दुरुस्त करणारा धिप्पाड माणूस. खेळात योद्धा असतो आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, म्हणून हे नाव. दुसरी चिमणी. शाळेत भाषा शिकवते, खेळात चोर असते, बोलते कमी. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही.

ढालनं आपला कागद दाखवला. "हा माझा योद्धा, ताई. तलवार आहे. पाळी आली की फासा टाकायचा. लागली तर लागली. नाही लागली तर पुढच्या पाळीला पुन्हा."

"झालं?"

"झालं. म्हणून तर मी हा घेतला."

मग मांत्रिक टेबलावर पसरला, आणि टेबल पुरेना. लहान मंत्र हवे तेवढे, पण मोठ्यांना दिवसाला मोजक्याच जागा. लहान मंत्र मोठ्या जागेत बसतो, मोठा लहान जागेत नाही. येतात ते सगळे मंत्र रोज मिळत नाहीत. सकाळीच ठरवायचं, आज कोणते बरोबर घेऊन निघायचे. म्हणजे दिवस कसा जाणार ते आधीच ओळखायला हवं. कुठल्याला बोलावं लागतं, कुठल्याला हात मोकळा लागतो, कुठल्यात फासा आपण टाकायचा, कुठल्यात समोरच्यानं. आग फेकली तर ती आपला-परका बघत नाही. आणि काही मंत्रांना ध्यान लागतं. तसा मंत्र एका वेळी एकच धरता येतो. दुसरा धरला की पहिला सुटलाच. घाव बसला तर फासा टाकून बघायचं, ध्यान टिकलं का मोडलं.

सूत्रधार म्हणाली, "सोपा करून देऊ का, ताई? तीन-चारच मंत्र ठेवू."

"नको. त्याचा होता तस्साच."

हे म्हणताना माझा आवाज चढला असावा. चिमणीनं पहिल्यांदा वर बघितलं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड आहे. ते डोक्यात शिरत नाही, घोकावं लागतं, आणि घोकायचं तर मोठ्यानं. म्हणून संध्याकाळी धाकट्याच्या खोलीत जाऊन बसले. तिथं गारठा होता, म्हणून त्याचा स्वेटर घातला. तोही असाच मोठ्यानं घोकायचा आणि मी भिंतीवर थाप मारून गप्प करायचे.

घोकताघोकता पलीकडून आईची हाक आली.

"सोन्या, जेवलास का रे?"

सोन्या म्हणजे धाकटा. तो गेला हे आईला माहीत आहे. सांगितलं तेव्हा रडली, मग विसरली, मग परत आठवलं, परत रडली. असं चाललंय तेव्हापासून. तिनं परत हाक मारली, जरा घाबरून.

मी म्हणाले, "हो गं."

घसा बसला होता त्यामुळे आवाज जाड आला. पलीकडे एकदम शांत झालं. नंतर सूप घेऊन गेले तर वाटी पुसून संपवली तिनं. कितीतरी दिवसांनी. खोटं बोलल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवार, ४ नोव्हेंबर

आज खेळले. खरोखर.

सूत्रधारानं पडदे ओढून घेतले आणि बोगद्याचं वर्णन केलं. धूळ, पाण्याचा थेंब, दगड घासल्याचा आवाज. बाहेरच्या तोंडाशी ढालचा योद्धा, बाजूच्या भेगांतून आत घुसणारी जनावरं, आणि मधोमध भिंतीला हात टेकून मांत्रिक. म्हणजे मी. चिमणीचा चोर माझ्याशेजारी.

मधले इतके महिने तिथे एक क्षणही सरलेला नाही, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मी हात टेकला तर भिंत अजून त्याच्या हातानं गरम असणार, असं काहीतरी मनात आलं.

एका जनावरानं मला ओरबाडलं. ध्यान टिकतं का बघायला फासा टाकला. टिकलं. छत राहिलं. मी टेबलावर बोटांची टकटक करत पुढच्या पाळीचा विचार करत होते आणि म्हणाले, "घाई कोणाला आहे? बघू की निवांत." तिघंही माझ्याकडे बघत राहिले. कुठला नियम चुकला मला कळेना. विचारलं, तर सूत्रधार म्हणाली, "नाही ताई, बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." आणि पाणी प्यायला उठली.

रविवार, ११ नोव्हेंबर

जनावरं संपली. मांत्रिकाचं अवघडपण आता मला गोड लागायला लागलंय. काच घासताना कसं, कडेला केसभर राहिलेलं बोटाला कळतं, तसं. आठवडाभर दुकानातसुद्धा डोक्यात तेच.

ढाल म्हणाला, "चला, सुटलो. चिमणे, तू पळ बाहेर. ताई, तुम्ही उडी मारा."

उडी हा एक मोठा मंत्र. एका माणसाला डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात बाहेर नेतो, स्वतःला नाहीतर ज्याला हात लावू त्याला. त्याला ध्यान लागत नाही. आणि मांत्रिकाकडे मोठी जागा बरोबर एक उरली आहे. धाकटा ती नेहमी राखून ठेवायचा म्हणे. त्यावरून त्याची चेष्टा व्हायची.

मी म्हटलं, आधी मागचा बोगदा तपासू. उजेडाचा मंत्र पाठवला. तिथे काही नव्हतं. मग म्हटलं, छताचा भार किती ते आधी अजमावू. त्यालाही एक मंत्र आहे, पुस्तकात सापडला. अशी दुपार गेली. बाहेर पडायला आणखी अवकाश आहे. इतक्या गोष्टी बघाव्या लागतात मांत्रिकाला, योद्ध्याला काय कळणार.

चिमणीचा चोरही बाहेर पडला नाही. सहज पळता आलं असतं. का थांबते ही?

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

दुकानात मालक म्हणाले, "बाई, डाव्या हातानं कधीपासून लिहायला लागलात?" मी बघितलं तर पेन खरंच डाव्या हातात होतं. धाकटा डावखुरा होता. दिवसभर मशीनवर उजवा हात आखडतो, म्हणून झालं असेल.

संध्याकाळी चिमणी आली. आईला बघायला म्हणे. मी चहा टाकला तर तिनं न विचारता बरोबर तिसरा खण उघडून चमचे काढले. हुशार पोरगी आहे, शाळेतल्या बायकांना अंदाज असतो. मी स्वेटर घातलेला होता. जाताना तिनं त्याच्या बाहीला हात लावला आणि विचारलं, "धुतलाय का हो हा?" मी म्हटलं, नाही अजून. बरं म्हणाली. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, वास येत असणार.

आई आता रोज दोन्ही वेळा जेवते. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तिच्याजवळ थोडा वेळ बसते, जास्त बोलत नाही. ती म्हणते, "सोन्या, थकलास का रे?" मी म्हणते, "नाही गं." मग ती हात थोपटते. एवढंच. कोणाचं काय जातं त्यात?

रविवार, १८ नोव्हेंबर

आज वाद झाला. ढाल म्हणाला, "ताई, उडी मारा ना. संपवू या."

मी त्याला नियम दाखवला. उडी मारायची तर जायची जागा डोळ्यांना दिसायला हवी, आणि धुळीत नीट दिसत नाही.

"मी दिवटी घेऊन तोंडाशी उभा आहे. दिसतं."

"पण अंतर?"

"अंतर मंत्राच्या टप्प्यात बसतं," सूत्रधार हळूच म्हणाली.

"आणि ती जागा राखून ठेवायची असते," मी म्हणाले. "उधळायची नसते ढाल्या, तुला किती वेळा सांगितलं."

ढाल उठला आणि गच्चीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही. त्याचं पोट बिघडलं असावं. त्याला 'ढाल्या' म्हटलं ते जरा आगाऊ झालं माझं, वयानं फार लहान नाही तो. चिमणी रडत होती, पण तिला सर्दी आहे.

सूत्रधारानं विचारलं, "ताई, तुम्ही झोपता ना नीट?" मी म्हटलं, छान झोपते, त्याच्याच खोलीत झोपते हल्ली.

रविवार, २५ नोव्हेंबर

वाईट झालं.

मी आजही बाहेर पडले नाही. छताला आधार म्हणून मधे दगडी खांब उभा करता येतो का ते बघत होते, तसा मंत्र आहे. सूत्रधार थकल्यासारखी दिसत होती. ती म्हणाली, "ताई, डोंगर पुन्हा हलतोय. शेवटचं सांगते. जायचं असेल तर आत्ता."

मी म्हटलं, "अजून एक पाळी."

जमीन हादरली. फासा टाकला. एवढासा आकडा आला. ध्यान पुरतं मोडलं नाही, पण क्षणभर निसटलं. छताचा पुढचा भाग खाली आला आणि वाट बुजली. फक्त वर एक फट राहिली, दिवटीचा उजेड दिसेल एवढी.

मग माझ्या डोक्यात हिशेब लागला. चोराला आता पळता येणार नाही. आत माणसं दोन. उडी एक. आणि एकाच माणसाची.

मी पुस्तक चाळायला लागले. मार्ग असतो, मांत्रिकाला काहीतरी मार्ग असतोच. सूत्रधारानं पुस्तकावर हात ठेवला. "नाही ताई. असं होईल म्हणून मी आठवडाभर शोधलाय."

गेल्या रविवारीच निघाले असते तर दोघंही सुटले असते. हे मला तिथे कळलं नाही. घरी आल्यावर, बूट काढताना कळलं.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

आईला ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, छाती साफ आहे म्हणाले, पण अशक्तपणा. दुकानात गेले नाही.

संध्याकाळी नेहमीसारखी तिच्याजवळ जाऊन बसले. स्वेटर घालून, दिवा न लावता. तिचे डोळे मिटलेले होते.

"सोन्या?"

"हं."

"तू रोज येतोस, बरं वाटतं रे. पण आता तू जा."

मी स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली.

"तुझ्या ताईला पाठव," ती म्हणाली. "किती दिवस झाले, आली नाही माझ्याकडे. रागावलीय का माझ्यावर? तू गेल्यापासून मी तुझंच नाव घेत बसले, तिला वाईट वाटलं असेल. ती बोलून दाखवत नाही. तिला म्हणावं, आई बोलावतेय."

मी उठून बाहेर आले. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. सूप मीच आणते. अंग मीच पुसते. औषध मीच देते. मला म्हणायचं होतं, आई, रोज मीच तर आहे.

पण मी नव्हते. हे इथे लिहितेय ते उजव्या हातानं.

स्वेटर काढला. दिवा लावला आणि परत आत गेले. म्हटलं, "आई, मी आलेय."

तिनं डोळे उघडून नीट बघितलं, माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "कुठं होतीस गं इतके दिवस? वाळलीस किती."

तिला सगळं ठाऊक होतं की तापात बोलली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिच्या कुशीत डोकं घालून रडले. धाकटा गेल्यापासून पहिल्यांदाच. तिनं थोपटलं. ते थोपटणं माझं होतं.

रविवार, २ डिसेंबर

आईचा ताप उतरला. शेजारीण बसली, तेव्हा गेले.

स्वेटर धुतला नाही, तसाच घडी घालून नेला आणि चिमणीच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला आणि तोंड त्यात लपवलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिसरा खण. चमचे. जे महिनाभर डोळ्यांसमोर होतं ते मला, दुसऱ्यांच्या नंबरच्या काचा घासणारीला, आज दिसलं. तो घरी सांगणार होता का, कधी सांगणार होता, काही विचारलं नाही. तिची खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

सूत्रधार म्हणाली, "ताई, तुमची पाळी."

"उडीचा मंत्र," मी म्हणाले. "चिमणीला हात लावते."

"नको," चिमणी म्हणाली. "ताई, नको. ती जागा त्यानं स्वतःसाठी राखली होती."

ढाल खाली बघत होता. तसाच म्हणाला, "स्वतःसाठी नाही. मी विचारलं होतं त्याला एकदा. जो मागे राहील त्याच्यासाठी, म्हणाला."

मी चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला. टेबलाशीच, खराखुरा. सूत्रधार म्हणाली, "चोर बाहेर. गवत आहे. उजेड आहे." मग माझ्याकडे वळली. "मांत्रिक?"

"हात काढतो," मी म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "मी सोडते."

फासा टाकावा लागत नाही त्याला. आपण होऊन सोडलं तर नियम काहीच नाही. एवढ्या जाडजूड पुस्तकात त्यावर एकच ओळ आहे.

छत खाली आलं. सूत्रधारानं आवाजाचं वर्णन केलं नाही. धूळ बसेपर्यंत थांबल्यासारखे आम्ही बसून राहिलो. मी मांत्रिकाचा कागद उलटा करून ठेवला. माझी बोटं स्थिर होती. मला वाटलं आता सगळे उठतील, आणि मी उठलेच होते. पण सूत्रधारानं सवयीनं विचारलं, "पुढची पाळी कोणाची?"

"माझी," ढाल म्हणाला.

"काय करतोस?"

"आत जातो. दगड उचलतो."

सूत्रधार त्याच्याकडे बघत राहिली. "फासा टाक." त्यानं टाकला. "एक दगड निघाला," ती म्हणाली.

पाळी चिमणीची आली. ती म्हणाली, "मीपण. दगड उचलते."

पुन्हा ढाल. दगड उचलतो. पुन्हा चिमणी. तो धिप्पाड माणूस प्रत्येक पाळीला तेच तीन-चार शब्द बोलत होता आणि फासा टाकत होता, आणि डोळे पुसत नव्हता.

मी उभीच होते. माझ्याकडे आता कागद नव्हता, पात्र नव्हतं, मंत्र नव्हता. तरी म्हणाले, "मीही येते."

सूत्रधारानं खेळातल्यासारखंच विचारलं, कारण विचारावंच लागतं. "तू कोण?"

"त्याची बहीण."

"बहिणीला काय काय येतं?"

मी परत खाली बसले.

"काही नाही. दगड उचलता येतात."

तिनं फासा माझ्यापुढे सरकवला.